देहातील गाळणी आणि रक्तातील साखर

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



माठाच्या तोंडावर स्वच्छ वस्त्र दुपदरी बांधून पाणी गाळून घेण्याची रीत आपल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ते वस्त्र कसे असावे याबाबत घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया फार काटेकोर असतात. पोत घट्ट हवा, कापड विरलेले नको, याकडे त्यांचे बारीक लक्ष असते. कारण कापड विरले तरी खाली पडणारे पाणी वरवर पाहता तसेच निर्मळ दिसते. दोष डोळ्यांना कळत नाही.

प्रत्येक मनुष्याच्या देहातही अशीच एक गाळणी निसर्गाने बांधून दिलेली आहे. तिचे स्थान मूत्रपिंडांत, म्हणजे ज्यांना सर्वजण किडनी म्हणून ओळखतात त्या अवयवांत आहे. ती विरू लागली तर वेदना होत नाही आणि कित्येक वर्षे बाहेरून काही दिसतही नाही. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर या गाळणीचे नेमके काय करते, हे समजून घेणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

हा विषय कोणासही परका नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जगभरचा अनुभव असा की, दर तीन मधुमेहींपैकी सुमारे एकाच्या मूत्रपिंडांना पुढे इजा होते.

एक नेहमीचे उदाहरण

पन्नाशी उलटलेल्या एखाद्या दुकानदार गृहस्थांचे उदाहरण घ्यावे. मधुमेह होऊन दहा-बारा वर्षे झालेली. सकाळी दुकान उघडावे, दिवसभर गादीवर बसावे, रात्री हिशेब मिटवून उशिरा जेवावे, असा दिनक्रम. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले, “साखर थोडी राहते, पण त्रास काहीच नाही.” पुढे पुढे सायंकाळी पायांवर सूज येऊ लागते, ती दिवसभर बसण्यामुळे असेल असे वाटते. लघवीला फेस येतो, तिकडे लक्ष जात नाही. मग एक चमत्कार घडतो. त्याच गोळ्या, तेच इन्सुलिन, पण साखर आपोआप उतरू लागते. डॉक्टर मात्रा कमी करतात. घरात आनंद होतो. मधुमेह बरा होत चालला, असे नातेवाइकांना सांगितले जाते.

वस्तुस्थिती नेमकी उलट असू शकते. शरीरातील इन्सुलिनचा निचरा करण्याचे बरेचसे काम मूत्रपिंडे करतात. ती निकामी होऊ लागली की इन्सुलिन रक्तात अधिक काळ रेंगाळते आणि म्हणून साखर उतरते. ज्या गोष्टीचे पेढे वाटले जातात, ती गोष्ट धोक्याची घंटा असते. त्यानंतर होणाऱ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले आढळते आणि डायलिसिस हा शब्द घरात प्रथमच उच्चारला जातो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राशी जोडलेले राहणे म्हणजे काय, हे ज्या कुटुंबांनी अनुभवले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

या दहा-बारा वर्षांत त्या गाळणीत काय घडत होते, हे आता पाहू.

गाळणीची घडण

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळणयंत्रे असतात. प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. वैद्यकात त्यास ग्लोमेरुलस म्हणतात. दर मिनिटास एक लिटरहून अधिक रक्त मूत्रपिंडांतून वाहते आणि चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव या गुच्छांतून गाळला जातो. वीस लिटर पाण्याचे नऊ जार भरतील इतका हा द्रव असतो. त्यातील उपयुक्त पाणी, क्षार व साखर पुढील नलिका परत रक्तात घेतात आणि अवघे दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर पडते.

ही गाळणी तीन पदरी असते. पहिला पदर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा. त्याला असंख्य बारीक खिडक्या असतात. रक्तपेशी तेथेच अडतात. दुसरा पदर म्हणजे आधारपटल. हेच या गाळणीचे मूळ वस्त्र. कोलॅजन आणि लॅमिनिन या प्रथिनांच्या धाग्यांनी ते विणलेले असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतकी, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जवळपास दोनशेव्या हिश्शाइतकी असते. या वस्त्रावर ऋण विद्युत्भार असतो. अल्ब्युमिन नावाच्या रक्तातील मुख्य प्रथिनावरही ऋण भार असल्याने वस्त्र त्याला दूर लोटते. तिसरा पदर पोडोसाइट नावाच्या पेशींचा. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत त्याप्रमाणे या पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात आणि मधल्या फटींवर आणखी एक झिरझिरीत पडदा असतो.

पाणी, क्षार, युरिया सहज पार व्हावेत आणि अल्ब्युमिन मात्र रक्तातच राहावे, अशी ही योजना आहे. अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवते. ते फार मोठ्या प्रमाणात वाहून गेले तर पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते आणि अंगावर सूज येते.

साखर काय करते

पहिली गोष्ट दारांची. स्नायूंच्या पेशींत साखर शिरण्यासाठी इन्सुलिनने दार उघडावे लागते. परंतु रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या आणि गुच्छाला आधार देणाऱ्या पेशींना असे बंद दार नसते. रक्तात साखर वाढली की ती या पेशींतही वाढते. नको म्हणण्याची सोय त्यांच्याजवळ नाही. अतिरिक्त साखर जाळताना दाहक, घातक रेणू निर्माण होतात आणि बिथरलेल्या पेशी आधारपटलाचे धागे प्रमाणाबाहेर तयार करू लागतात.

दुसरी गोष्ट चिकटण्याची. भाकरी तव्यावर भाजताना तिला तांबूस रंग येतो. साखर आणि प्रथिने उष्णतेने जोडली गेल्याचा तो परिणाम आहे. त्याच जातीची क्रिया शरीरात, चुलीविना, अत्यंत मंद गतीने चालू असते. रक्तातील साखर प्रथिनांना चिकटते आणि कालांतराने शेजारच्या धाग्यांत कायमच्या गाठी बसतात. वस्त्र ताठर होते आणि जुने धागे काढून नवे घालण्याची शरीराची नित्याची डागडुजी अडते.

मधुमेही व्यक्तीस एचबीए१सी ही तपासणी परिचित असते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजण्याचाच तो प्रकार आहे. व्यापारी भाषेत सांगायचे तर बोटाला सुई टोचून मोजलेली साखर ही कीर्दीतील त्या दिवसाची नोंद; एचबीए१सी ही मागील दोन-तीन महिन्यांची खतावणी; आणि आधारपटलात साचलेला परिणाम हा अनेक वर्षांचा ताळेबंद. तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून कीर्द सुधारता येते, ताळेबंद सुधारता येत नाही.

तिसरी गोष्ट दाबाची. साखर वाढली की मूत्रपिंडाच्या नलिका साखरेबरोबर मीठही अधिक शोषून घेतात. पुढच्या टोकाशी मीठ कमी पोहोचल्यामुळे मूत्रपिंडाचा असा समज होतो की रक्तपुरवठा अपुरा आहे. मग गुच्छात रक्त आणणारी वाहिनी रुंदावते आणि रक्त नेणारी आकसते. मधल्या गुच्छात दाब वाढतो. या काळात मूत्रपिंड नेहमीपेक्षा जास्त द्रव गाळते आणि अहवाल उत्तम दिसतो. पण हे उत्तमपण ताणलेल्या कापडाचे असते.

जाड होऊनही गळणारे वस्त्र

या तिन्हींचा परिणाम चमत्कारिक दिसतो. आधारपटल पातळ होत नाही, उलट जाड होत जाते. कधी कधी दुप्पटही. मग ते गळते का? कापडाची जाण असणाऱ्यास याचे उत्तर कळणे अवघड नाही. जाडी आणि वीण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोणपाट मलमलीपेक्षा कितीतरी जाड असते, म्हणून कोणी गोणपाटातून पाणी गाळत नाही. मधुमेहात आधारपटल जाड होते, पण वीण बिघडते, ऋण भार कमी होतो, आणि वरच्या पोडोसाइट पेशी ताणाने सुटून मूत्रात वाहून जातात. या पेशी गेल्या की त्यांची जागा भरून काढण्याची शरीराची क्षमता अत्यल्प असते. उघड्या पडलेल्या जागेतून अल्ब्युमिन निसटू लागते.

पुढे गुच्छाच्या मध्यभागी हे अनावश्यक द्रव्य साठून गाठी तयार होतात. पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन या दोन वैद्यकांनी बोस्टन येथे १९३६ साली त्यांचे प्रथम वर्णन केले. आजही त्या गाठी त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. गाठींनी वाहिन्या दाबल्या जातात, एकेक गुच्छ बंद पडतो आणि उरलेल्यांवर अधिक भार येतो.

आरंभी गाळणी निर्दोष असते

येथे एक प्रश्न शास्त्रज्ञांना बराच काळ पडला होता. मूत्रपिंडातील हा बिघाड साखरेमुळे होतो, की मधुमेह होणाऱ्या माणसात तो जन्मतःच असतो? जन्मतः असेल तर पथ्यपाण्याला अर्थ उरत नाही. डेन्मार्कमधील रूथ ओस्टरबी यांनी १९६५ पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नुकताच मधुमेह झालेल्या तरुणांच्या आधारपटलाची जाडी मोजली. ती निरोगी माणसाइतकीच निघाली. पुढे दीड-दोन वर्षांनंतर मात्र ती वाढू लागल्याचे दिसले. म्हणजे आरंभी वस्त्र निर्दोष असते. बिघाड नंतर होतो. आणि जे नंतर होते, ते टाळता येण्याची आशा असते.

ही आशा खरी ठरली. अमेरिका व कॅनडातील १४४१ मधुमेहींवर झालेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात अल्ब्युमिनची सूक्ष्म गळती सुरू होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाबाबत ब्रिटनमधील १९९८ च्या मोठ्या अभ्यासानेही याच दिशेची ग्वाही दिली.

त्याच वर्षी त्याहून आश्चर्यकारक गोष्ट पुढे आली. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पाओला फिओरेत्तो, मायकल माऊअर आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या आठ मधुमेहींचा अभ्यास केला. प्रत्यारोपणामुळे त्यांची साखर पूर्ववत झाली होती. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. या आठ जणांच्या आधारपटलाची सरासरी जाडी आरंभी ५९४ नॅनोमीटर होती. पाच वर्षांनी ती ५७० होती, फरक नगण्य. एवढ्यावर कोणीही निराश झाला असता. पण दहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा ती ४०४ वर आली होती. गाठीही विरघळत चालल्या होत्या.

हे रुग्ण थोडे होते आणि त्यांचा उपाय सर्वांसाठी नव्हे. तरीही त्यातील बोध मोठा आहे. जे वस्त्र बिघडण्यास दहा वर्षे लागली, ते सुधारण्यासही तितकाच काळ मागते. महिनाभर पथ्य करून, फरक दिसला नाही म्हणून सोडून देणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

मूत्राची तपासणी का आवश्यक

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील जियानकार्लो व्हिबर्ती, हॅरी कीन आदी संशोधकांनी १९८२ साली एक निष्कर्ष मांडला. चौदा वर्षांपूर्वी ज्यांच्या मूत्रातील अल्ब्युमिन सूक्ष्म रीतीने मोजले होते अशा ६३ मधुमेहींचा त्यांनी मागोवा घेतला. ज्या ५५ जणांत गळती जवळपास नव्हती, त्यांपैकी केवळ २ जणांना पुढे मूत्रपिंडाचा उघड विकार झाला. ज्या ८ जणांत अल्पशी गळती होती, त्यांपैकी ७ जणांना तो झाला. साध्या तपासणीत न दिसणारी ही गळती वर्षानुवर्षे आधी सूचना देते. आज योग्य उपचारांनी ती अनेकांत थांबते वा कमीही होते. परंतु त्यासाठी ती वेळेवर सापडली पाहिजे.

पुष्कळांचा समज असा की क्रिएटिनिन ठीक आले म्हणजे किडनी ठीक. क्रिएटिनिन साधारणतः मूत्रपिंडाची निम्मी शक्ती खर्ची पडेपर्यंत फारसे वाढत नाही. मूत्रातील साखरेची तपासणीही गाळणीची स्थिती सांगत नाही. त्यासाठी मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, म्हणजे एसीआर, पाहावे लागते. हे प्रमाण दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. ३० ते ३०० ही सूक्ष्म गळती आणि ३०० च्या पुढे मोठी गळती मानतात. सकाळचा पहिला नमुना उत्तम. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा जोरदार व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून निदान पक्के करण्यापूर्वी तपासणी पुन्हा करतात. काही मधुमेहींत गळतीवाचूनही मूत्रपिंडाची शक्ती घटते. यास्तव रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर हा आकडाही सोबत पाहावा. प्रौढपणी झालेल्या मधुमेहात निदानाच्या दिवसापासूनच, आणि पुढे दरवर्षी, या दोन्ही तपासण्या व्हाव्यात.

आजचे उपचार

साखरेवर नियंत्रण हा पाया. एचबीए१सी साधारणतः ७ टक्क्यांच्या आसपास राखण्याचे ध्येय असते. वय व प्रकृती पाहून डॉक्टर ते ठरवतात. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवणे तितकेच महत्त्वाचे, कारण ताणलेल्या कापडावर बाहेरचा दाबही पडला तर वीण लवकर उसवते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे. लोणची, पापड, फरसाण यांतले मीठ हिशेबात धरल्यास हा आकडा किती सहज ओलांडला जातो ते लक्षात येईल. तंबाखू व धूम्रपान तर पूर्णतः वर्ज्य.

रक्त नेणारी आकसलेली वाहिनी सैल करून गुच्छातील दाब उतरवणारी औषधे १९९३ पासून मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी सिद्ध झाली. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही त्यांच्या वर्गातील परिचित नावे. नलिकांना साखर व मीठ परत घेऊ न देणारी ‘फ्लोझिन’ वर्गातील औषधे दुसऱ्या बाजूने तोच दाब कमी करतात. २०१९ च्या क्रेडेन्स या अभ्यासात त्यांपैकी एका औषधाने मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर परिणामांचा धोका ३० टक्क्यांनी कमी केला. डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत भारतात २०२० साली व एम्पाग्लिफ्लोझिनची २०२५ साली संपल्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांची औषधे बाजारात आली आणि किंमत बरीच उतरली. फिनेरेनोन व सेमाग्लुटाइड यांचाही मूत्रपिंडास लाभ होतो हे अनुक्रमे २०२० व २०२४ च्या अभ्यासांनी दाखवले. यांतील कोणते कोणास द्यावे हा निर्णय डॉक्टरांचाच.

काही समजुती

“मधुमेहाच्या गोळ्यांनी किडनी खराब होते,” हे वाक्य समाजात फार ऐकू येते आणि त्यापायी कित्येकजण औषध मनानेच बंद करतात. किडनीची शक्ती घटल्यावर मेटफॉर्मिनसारख्या औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा ते थांबवावे लागते, हे खरे. परंतु गाळणी बिघडवते ती अनियंत्रित साखर. याउलट ज्या वस्तूंची भीती बाळगावी त्यांची कोणी बाळगत नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक न लिहिलेली, धातूयुक्त भस्मे व पुड्या मूत्रपिंडास थेट अपाय करू शकतात.

दुसरी गोष्ट उपवासाची. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना अन्न वर्ज्य केल्यास साखर धोकादायक उतरू शकते. पाणीही वर्ज्य असल्यास अशक्त मूत्रपिंडावर ताण येतो. आणि फ्लोझिन वर्गातील औषध घेत असताना दीर्घ उपवास केल्यास रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका संभवतो. ज्यांना तप करावयाचे आहे त्यांनी पुरेसे दिवस आधी डॉक्टरांना सर्व हकीकत सांगून औषधांची व्यवस्था करून घ्यावी. उपवास चालू असताना, कोणाला न विचारता औषधांत बदल करणे हे सर्वांत धोक्याचे.

बंधू-भगिनींनो, माठावरील वस्त्र विरले तर घरातील गृहिणी ते त्याच दिवशी बदलते. देहातील वस्त्र बदलण्याची सोय डायलिसिस आणि प्रत्यारोपण यांपलीकडे नाही, आणि त्या दोहोंची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. त्यामानाने मूत्राचा एक लहानसा नमुना देणे अगदीच सोपे आहे. ज्या घरात मधुमेही व्यक्ती आहे, तेथील मुलाने वा सुनेने आज रात्री एवढेच पाहावे, की फाइलमध्ये गेल्या वर्षभरातील एसीआर व ईजीएफआर यांचे अहवाल आहेत काय. नसतील, तर उद्या सकाळचा पहिला नमुना प्रयोगशाळेत पोहोचावा.

इत्यलम्.